खड्ड्यात टाकायचं पोतं

आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणजे गोदामाच्या गळ्यातला ताईत. मुकादम आम्हा सगळ्याजणींना "ए" म्हणतो आणि त्यांना "ताई". बसतो मात्र दोघी एकाच सरकत्या पट्ट्यासमोर. पट्ट्यावरून शेंगदाणे येतात, त्यातले सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे वेचून मागच्या डब्यात टाकायचे. आठवड्याला अशा दाण्यांचं एक पोतं भरतं. ते मागच्या खड्ड्यात ओतायचं, असा मालकाचा हुकूम. पण मुकादम कुणाला ना कुणाला ते घरी नेऊ द्यायचा, पाळीपाळीने. चोळून, धुऊन, खमंग भाजले की कोण ओळखतंय?

मग माझ्या नवऱ्याची तपासणी आली. त्यांना जुनी बी-कावीळ आहे, लिव्हर अधूनमधून दाखवून यावं लागतं. मला रजा मिळाली नाही, जाऊबाईंना मात्र मिळाली, म्हणून त्या सोबत गेल्या. तिथेच माझं डोकं फिरलं. नवरा माझा आणि डॉक्टरीणबाईंशी बोलणार या!

परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, बुरशीचे दाणे भाऊजींना घालू नकोस. त्या बुरशीत विष असतं, भाजून-शिजवून जात नाही. आधीच कावीळ असलेल्याला त्यानं लिव्हरच्या कॅन्सरची भीती कितीतरी वाढते. बाईंनी बजावून सांगितलंय."

मी "बरं" म्हटलं. आणि पुढच्याच आठवड्यात जाऊबाईंनी मुकादमाला काय सांगावं? "यापुढे पोतं मलाच द्या. दर वेळी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! आम्हाला विष, आणि यांना काय, खाऊ? पाळ्या बंद. दर आठवड्याला बाईसाहेब पोतं ओढत मागच्या दारानं जायच्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. पण वरून दाणे भाजल्याचा वास कधी म्हणून आला नाही. म्हणजे विकत असणार! विषाचं भय घातलं ते त्यासाठीच. हावरट मेली. हे मी पट्ट्यावरच्या एकूण एक बाईला सांगितलं. बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवाला जरा गार वाटलं.

पुढे जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मी लगेच मुकादमाला गाठलं. "आता पोतं माझं. मी काय घोडं मारलंय?" त्यानं दिलं. महिनाभर मी दाणे भाजले, दळले आणि रोज रश्शात घातले. हे बोटं चाटून खायचे. मी मनात म्हणायची, बघा, तुमच्या लाडक्या वहिनींनी कधी घातलं होतं का असं खायला?

आज सुटताना पोतं घेऊन निघाले, तर फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "हे खड्ड्यात नाही टाकायचं?"

"खड्ड्यात कशाला?"

"तुमच्या जाऊबाई तर दर वेळी तिथंच ओतायच्या. वरून माती लोटून मग घरी जायच्या. म्हणायच्या, आमच्या घरात हे जाता कामा नये."

पोतं तिथेच टाकून मी घराकडे धावत सुटले.

दार उघडंच होतं. जाऊबाई परत आल्या होत्या, हातात अजून प्रवासातली पिशवी. हे जेवायला बसले होते आणि कौतुकानं सांगत होते, "वहिनी, बसा, खाऊन तर बघा. हल्ली हिच्या रश्शाला काय चव आलीय!"

मी यांच्या पुढ्यातून ताट ओढलं. रस्सा जमिनीवर सांडला. हे ओरडले, "अगं, वेड लागलं का तुला?"

जाऊबाईंनी रश्शाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं.

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून," मी म्हणाले. आणि मग माझा बांध फुटला. "खड्ड्यात टाकत होतात, तर सांगायचं होतंत ना मला!"

"काय सांगायचं? एकदा सांगितलं, तेव्हा तुझा चेहरा पाहिला होता मी. पुन्हा सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस की एकटीला लाटायचंय म्हणून घाबरवतात. मग म्हटलं, पोतंच घरात येऊ द्यायचं नाही."

गोदामभर मी जाऊबाईंना हावरट म्हणत फिरले आणि या बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त जळफळाट झाला. माझ्या नवऱ्याला यांनी जपलं आणि मी विष वाढलं.

हे घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "उद्या मी नेते भाऊजींना दवाखान्यात. बाईंना सांगते सगळं."

"नाही," मी म्हणाले. "नवरा माझा आहे. मी नेणार. आणि त्यांना काय खायला घातलं, तेही मीच सांगणार."

"आणि रजा नाही मिळाली तर?"

"रजा गेली खड्ड्यात," मी म्हणाले, आणि सांडलेला रस्सा पुसायला खाली बसले.