सांधलेली कँडल

त्या रविवारी बाबांच्या हाताखाली तीन पंखे, एक इस्त्री आणि फोरमन एवढा लवाजमा होता. फोरमन म्हणजे बाबांच्या थोरल्या लेकीची मुलगी. नुकती कुठे न धरता चालायला लागलेली, अंगात नुसती चड्डी आणि हातात मोडका टेस्टर. घराच्या पुढच्या खोलीत बाबा लोकांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचे. एखादं काम पुरं झालं की नात येऊन त्यावर टेस्टर टेकवायची.

"पास का फोरमनसाहेब?" बाबा विचारायचे.

मान उभी हलली तर ठीक. आडवी हलली तर बाबा तो पंखा खरोखर पुन्हा खोलायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरीही.

दुपारी समोरची शिंपीणकाकू मिक्सर काखेत मारून आली.

"गेल्या वेळी दुरुस्त केलात तेव्हापासून हा विमानासारखा ओरडतोय."

"मग उडाला का?"

"उडाला असता तर सुटले असते. नवा तरी घेतला असता."

"नवा काय, कुणीही घेतं," बाबा म्हणाले. "त्याला अक्कल लागत नाही."

थोरलीने काकूंना पाणी आणून दिलं. "घ्या, घ्या, फिल्टरचं आहे," बाबांनी मिक्सरवरची नजर न काढता सांगितलं. "मधे रुसला होता जरा. थेंब थेंब गाळायचा. परवा खोलला, आतल्या कँडलला जरा हात मारला. आता बोलता बोलता भांडं भरतं."

"तुमचा हात लागला ना? मग आता तोही ओरडणार बघा."

सगळे हसले. आपल्यावरच हसताहेत असं वाटून फोरमनही हसली, आणि काकूंच्या हातातला पेला ओढून घटाघटा प्यायली. निम्मं पोटात, निम्मं पोटावर.

त्या दिवशी एवढंच घडलं. संध्याकाळी थोरलीने तिला आंघोळ घातली, ती पालथी पडून झोपली, थोरलीने एका कादंबरीची काही पानं वाचली. नंतर तिने तो दिवस कितीदा तरी उलटापालटा करून पाहिला. पुस्तकांत अशा दिवशी काहीतरी खूण असते, वारा पडतो, कुत्रं रडतं. त्या दिवसात काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. पोरीचं पोट अधूनमधून बिघडायचंच, म्हणून आधी घरचे उपाय झाले. डोळे आत गेले आणि रडताना पाणी येईना, तेव्हा रिक्षा बोलावली. दवाखान्यात शीर सापडायला फार वेळ लागला. डॉक्टरीणबाई भराभर प्रश्न विचारत होत्या. "घरी पाणी कुठलं पिता?"

थोरली तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "फिल्टरचं. कितीही घाई असो, फिल्टरशिवाय घोटभर नाही."

बाईंनी मान डोलावली. "मग बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल."

आठवडा सरायच्या आत फोरमन गेली.

थोरलीचा नवरा दूरच्या बांधकामावर मुकादम होता. तो आला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि एके दिवशी बॅग भरून परत गेला. जाताना "येतो" म्हणायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. शेजारीपाजारी येत राहिले आणि बाहेरचं काय खाल्लं असेल याचा शोध लावत राहिले. कुणी म्हणालं बिस्कीट, कुणी म्हणालं माती. शिंपीणकाकू तर पूर्वी कधीतरी आपण दिलेल्या लिमलेटच्या गोळीला दोष देऊन ढसाढसा रडली. त्याच आठवड्यात बाबांचं आणि थोरलीचं पोटही ढाळलं होतं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मोठ्यांची पोटं बिघडतात आणि बरी होतात.

थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती कामावर जायला लागली. चुका शोधणं हा तिचा रोजचा धंदा, पण आता एकेक ओळ ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि चूक नजरेखालून सटकून जायची. वरिष्ठ ती मुद्रितं मागाहून स्वतः तपासायचे. तेच तिला जड गेलं.

एका सुट्टीच्या दिवशी काहीतरी करायचं म्हणून तिने फिल्टर घासायला काढला. स्टीलचं वरचं भांडं उचललं, आतली पाणी गाळणारी पांढरी मातीची कँडल बाहेर काढली. कँडलच्या बुडाशी एक केसाएवढा तडा होता आणि त्यावर राखाडी पट्टा. दोन गोळ्या एकत्र मळून लावतात ती पुट्टी. बाबा तिने फुटकी झाकणं, पंख्यांची बुडं, चपलांच्या टाचासुद्धा सांधायचे. बोटाने दाबून कडा गुळगुळीत करायची त्यांची पद्धत तिच्या ओळखीची होती. पट्ट्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

तिने कँडल बादलीत बुडवली आणि तिच्या बुडाच्या नळीतून आत फुंकर मारली. पट्ट्याच्या कडेने बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली.

ती मोरीतच बसून राहिली. धार का मोठी झाली होती, ते आता कळत होतं. पाणी गाळलं जातच नव्हतं. वरचं पाणी तड्यातून खाली येत होतं, आणि फिल्टरच्या तोटीतून बाहेर पडत होतं म्हणून चांगलं ठरत होतं.

उठून पुढच्या खोलीत जावं आणि सांगावं, असं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. ती गेलीही. खोलीची फळी बंद होती. लोकांचे पंखे तसेच धूळ खात पडले होते. बाबा स्टुलावर बसले होते, हात मांडीवर उपडे.

"एवढंच समाधान गं," ते म्हणाले, ती काही विचारायच्या आत. "निदान पाण्याची हयगय नाही केली आपण."

"हो बाबा," थोरली म्हणाली.

तिने बाजारातून नवी कँडल आणून बसवली, जुनी कचऱ्यात टाकली. झिजली होती, एवढंच सांगितलं. बाबा ते वाक्य पुढेही पुष्कळदा बोलले, आल्यागेल्याशी, कधी नुसतेच भिंतीशी. प्रत्येक वेळी ती "हो बाबा" म्हणायची आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. बाबांच्या हातात तेवढं एकच उरलं होतं. ते काढून घ्यायला तिचा हात धजला नाही. बापावर ती रागावली होती का, हेही तिला धड कळत नव्हतं. ताट वाढताना कधी कधी त्यांच्या अंगठ्याकडे नजर जायची आणि मग ती आपलं ताट तसंच झाकून ठेवायची.

वर्ष उलटलं. धाकटा भाऊ बायकोला आणि बाळाला घेऊन काही दिवस राहायला आला. बाळाला नुकतंच वरचं सुरू केलं होतं. बाबांनी पुढच्या खोलीची फळी उघडली. पंख्यांवरची धूळ झटकली. नातवाला मांडीवर घेऊन त्याला पक्कड आणि सांडशीतला फरक समजावून सांगितला. थोरली दारातून बघत राहिली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा स्वयंपाकघरात भावजय बाळाला कडेवर घेऊन फिल्टरपाशी उभी होती. हातात बाळाची वाटी होती, आणि तोटीतून जाड धार लागली होती.

"ताई, बघा ना, बाबांनी काय जादू केली."

"जादू कसली?" बाबा हात पुसत आत आले. "ती नवी कँडल म्हणजे मुतखडा झालेला म्हातारा. थेंब, मग विचार, मग थेंब. हा कॉलेजात जाईपर्यंत वाटी भरली नसती."

"मग आता कुठली घातलीत?" थोरलीने विचारलं.

"आपलीच जुनी. तू कचऱ्यात टाकलीस ती. अगं, अशा वस्तू टाकतात का? तेव्हाच उचलून ठेवली होती."

थोरलीने भावजयीच्या हातातून वाटी घेतली आणि मोरीत ओतली.

"अगं, पाणी काय ओततेस?"

"बाळाला उकळून देऊ या."

"फिल्टरचं उकळायचं? माझ्या कामावर विश्वास नाही म्हण की सरळ!" बाबा हसत होते. वर्षभरात पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसत होते.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. हातातून निसटली म्हणून कँडल फोडताही आली असती. पण फोडली असती तर बाबांनी ती सांधली असती. आणि उद्या ती छापखान्यात गेली की वाटी पुन्हा त्याच तोटीखाली लागणार होती.

"बाबा, त्या कँडलला तडा आहे."

"होता. मी सांधला. माझा सांधा आहे तो, आपटलीस तरी सुटायचा नाही."

"सुटलाय. मी पाण्यात धरून फुंकून बघितलं होतं."

"कधी?"

"ती गेली त्यानंतर. साफ करताना."

भावजयीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एक पाऊल मागे सरली. बाबांचा हात तोटीकडे गेला, त्यांनी धार बंद केली. बंद झाल्यावरही ते तोटी पिळत राहिले.

"पण तिने बाहेरचं काहीतरी खाल्लं होतं ना?" ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तुझ्यासमोर म्हणाल्या." त्यांचा चेहरा आता एखाद्या गिऱ्हाइकासारखा झाला होता. जळलेली मोटार टेबलावर ठेवून, दुरुस्त होईल ना, असं विचारणाऱ्या. "हो ना गं?"

"नाही बाबा," थोरली म्हणाली. "तिने बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. आपली फोरमन या पाण्याने गेली. तिला उलट्या होत होत्या तेव्हा मीठ-साखर कालवून, चमच्याचमच्याने, मी तिला हेच पाजत होते. फिल्टरचं आहे, म्हणून उकळलं नाही."