पेन्सिलीचा चार्ट

खोटं लिहिलं तर रंगनाथला वारज्याची बुकिंग शाखा मिळणार होती, वर शाखेमागची खोली. म्हणजे बायको मुक्ताई आणि लेक सृष्टी बुलढाण्याहून इकडे येणार. खरं बोलला तर स्वारगेटच्या बस-बुकिंगच्या टपरीतलं स्टूलही जाणार. एवढ्या सरळ हिशेबाला त्याला दोन दिवस लागले, हाच काय तो त्याचा चांगुलपणा.

घडलं होतं ते असं. आयटीवाल्यांनी बंगळूरच्या गाड्या भरू लागल्या होत्या. सहा नंबरची सीट यासीरची. हा सुदानचा विद्यार्थी. पाच नंबरवर हडपसरचे एक सॉफ्टवेअरवाले. ते म्हणाले, "हा काळा बंगळूरपर्यंत माझ्या शेजारी? मग मी उतरतो." रंगनाथने यासीरला सगळ्यात मागे जायला सांगितलं. तो हलेना, तेव्हा क्लीनरने तिकीट काढून घेतलं आणि त्याला खाली उतरवलं. यासीर ग्राहक मंचात गेला.

"चार्ट नवा लिवा," मालक हिंदुराव म्हणाले. "ते पोरगं पहिल्यापास्नं मागच्या त्रेचाळीसलाच हुतं. काय?"

"होय मालक, पण..."

"पण काय? वारज्याच्या खोलीत चोवीस तास पाणी हाय."

सीटचा चार्ट नेहमी पेन्सिलीनेच लिहीत. बाईशेजारी बाई बसवायची तर खोडाखोड आलीच. पण खोटं पक्कं दिसावं म्हणून रंगनाथने हा चार्ट निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात उतरवला. मग मुक्ताईला फोन केला, "पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेव."

यासीरने वकील दिला नव्हता. त्याने मंचापुढे महिन्याचे सगळे चार्ट मागवले, एकेक उलटला आणि साक्षीला आलेल्या रंगनाथला पुण्यात कमावलेल्या मराठीत विचारलं, "काका, एकोणतीस चार्ट पेन्सिलचे. माझाच पेनचा. का?"

रंगनाथचा हात आपसूक कानाकडे गेला. पेन्सिल तिथेच होती. पुढचं कोणी विचारलंच नाही.

वारज्याला हिंदुरावांचा मेहुणा बसला. निकाल यासीरच्या बाजूने लागला, भरपाई आणि लेखी माफी. पण अकरा महिन्यांनी. तोवर व्हिसा संपून तो परत गेला होता. रंगनाथने सुवाच्य लिहिलेलं माफीपत्र हॉस्टेलवरून तसंच परत आलं. भरपाई हिंदुरावांनी त्याच्या पगारातून कापायला घेतली. "पेन तुमचं, अक्कल तुमची. मग भरायचं कुनी?"

पाच नंबरवाल्यांना यातलं काही ठाऊक नाही. ते अजून दर महिन्याला तीच सीट मागतात, आणि रंगनाथ पेन्सिलीने त्यांचं नाव लिहितो.

मुक्ताई दाखला घेऊन बुलढाण्याच्या शाळेत परत गेली, तेव्हा वर्गातल्या जागा भरल्या होत्या. यासीरचा प्रवास गेला, सृष्टीचं वर्ष गेलं. उरलेलं रंगनाथ फेडतो आहे.