बसलेला घसा

खडीसाखरेचा खडा विरघळत विरघळत शेवटी जिभेवर नुसता दोरा उरला — आणि जीभ, म्हणजे दशरथची जीभ, तिला दुसरं काही काम उरलं नसल्यामुळे त्या दोऱ्याच्या जाडीचा नंबर ठरवत बसली. वीस. नाही, चोवीस असेल. पीळ कमी, भुक्कड माल. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, असला दोरा आला असता तर जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, टेबलावर नेऊन आपटला असता... बारा वर्षं साचे चालवलेल्या माणसाची जीभ होती ती. संपात गिरणी गेली, पण जिभेला कुणी नोटीस दिली नव्हती. त्यानं दोरा बोटांनी ओढून बाहेर काढला आणि उजेडात धरला. पांढराच होता. बरं. मागच्या रविवारी थुंकीत जो लाल धागा दिसला तो पानाचा असणार. दशरथ पान खात नाही, हे खरं. पण कुणीतरी खात असेलच की.

"आज दोन वाजता," सुलक्षणा कुजबुजली.

ही एक वेगळीच डोकेदुखी. गणपतीत घसा बसला तेव्हापासून त्याच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तो कुजबुजायचा, कारण त्याला तेवढंच यायचं. पण मग समोरचाही कुजबुजायचा — का? घसा माझा गेलाय, कान शाबूत आहेत! बायको कुजबुजते. दूधवाला दारात वाकून "अर्धा की एक?" असं विचारतो, जसा काही दुधात खून लपवून आणलाय. नाहूरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत चार महिने कुणीतरी मेल्यासारखं चाललं होतं, आणि जो मेल्यासारखा होता तोच रोज सकाळी उठून, डबा घेऊन, कामाला जात होता.

"मोठ्यानं बोल ना गं," तो म्हणाला. म्हणजे हवा सोडली.

"दोन वाजता," ती आणखी हळू. "मुलुंडला. मी कालच नंबर लावून आलेय. चिठ्ठी घेतली का?"

चिठ्ठी खिशातच होती. सहा आठवडे तिथंच होती. शर्ट बदलले, खिसे बदलले, चिठ्ठी इमानदार. ती ज्यानं दिली त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा दशरथला सगळ्यात जास्त राग होता. दहा वर्षं हा माणूस प्रत्येक रोगाला त्याच गुलाबी गोळ्या द्यायचा — तापाला गुलाबी, कंबरेला गुलाबी, सुलक्षणाच्या भावाचा हात मोडला तेव्हासुद्धा आधी गुलाबी, मग प्लास्टर. आणि ह्या वेळी? जबड्याखालची गाठ दोन बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि गोळी दिलीच नाही! नुसती चिठ्ठी. कानघशाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा, ह्याच आठवड्यात. गोळी दिली असती तर काय बिघडलं असतं? माणसानं काय समजायचं?

बरं, जायचं नव्हतं असंही नाही. पहिल्या आठवड्यात गाठ हरभऱ्याएवढी होती. एवढ्याशा गाठीसाठी मोठ्या डॉक्टरचा वेळ घेणं त्याला बरं दिसेना. आता ती सुपारीएवढी झाली होती, आणि एवढी मोठी घेऊन गेलं तर तो ओरडणार — इतके दिवस काय करत होता? मधे कधीतरी ती डॉक्टरला दाखवण्याच्या बरोब्बर मापाची झाली असणार. तो दिवस नेमका निसटला.

भांडुपच्या गोदामात शनिवारी अर्धा दिवस. दशरथचं काम खोक्यांतल्या बाटल्यांची बुचं तपासायचं. बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, दिवसाला हजारो. ह्यावर हसायचं असेल तर हसून घ्या, गोदामात सगळ्यांचं हसून झालंय. पलीकडच्या टोकाला अंबादास, नगरकडचा, पूर्वी त्याच्याच साचेखात्यातला. शंभर साच्यांच्या खडखडाटात बारा वर्षं दोघं ओठांवरच बोलले होते — साचेखात्यात आवाज काढून काही उपयोगच नसायचा, समोरच्याचे ओठ वाचायचे आणि आपले हलवायचे. गोदामात टाचणी पडली तरी ऐकू येते, पण सवय. चाळीस फुटांवरून, खोक्यांच्या वरून, ओठांनीच. त्यामुळे झालं काय, सगळ्या जगाला दशरथचा घसा बसलेला कळला आणि अंबादासला दीड महिना पत्ताच नाही. कळलं तेव्हा उलट तोच भांडायला उठला, "अरे पण तू तर रोज बोलतोयस!"

त्या दीड महिन्यात मला किती बरं वाटायचं. आठ तास मी बरा असायचो.

आता पलीकडून अंबादासचे ओठ हलले. "जाणार ना आज?"

"जाणार."

"मागच्या शनिवारी पण जाणार होतास."

"मग? तेव्हा पण जाणार होतो, आज पण जाणार आहे. माझा शब्द बदललाय का?"

"मी येऊ सोबत?"

"पोरगी बघायला चाललोय काय? गप काम कर. संध्याकाळी पूजेला ये चाळीत. प्रसाद खा आणि जा."

एकला सुटल्यावर तो आग्रा रोडनं चालतच निघाला, बस समोरून गेली तरी चालत. चालत जाणाऱ्या माणसाला फार आजार नसतो... बाबासुद्धा चालतच गेला होता. धाकू, त्याचा बाप, गिरणीतला खोकला घेऊन, काखेत छत्री, वाटेत दोन बटाटेवडे खाऊन, चालत इस्पितळात गेला — ठणठणीत माणूस! फक्त खोकत होता. तिथं त्याला झोपवला, फोटो काढला, फोटोत काहीतरी सापडलं, आणि चाळिसाव्या दिवशी बाबा संपला. आता हिशेब सरळ आहे. खोकला तीन वर्षं होता, त्यानं काही केलं नाही. डॉक्टर चाळीस दिवस होते. दशरथनं हा मुद्दा सुलक्षणाला समजावून सांगितला होता, कुजबुजत, दोनदा. तिनं तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं होतं आणि त्याच्याकडे असं बघितलं होतं की... जाऊ दे. बायकांना मुद्दा कळत नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. भिंतीवर पाटी — कृपया शांतता राखा. घशाच्या डॉक्टरकडे! बाकावर बसलेल्या सात जणांत मिळून एक धड आवाज नसेल, त्यांना ही पाटी. कुणाच्या गळ्याला फडकं, एक म्हातारा नुसता श्वास घेत होता आणि तेवढ्यानंच दमत होता. दशरथनं त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि मग दुसरीकडे कुठे बघताच येईना.

"नाव?" टेबलामागची मुलगी वहीत डोकं घालून म्हणाली.

त्यानं सांगितलं.

"जोरात बोला."

त्यानं जोर केला. कानापर्यंत कळ गेली.

"ओ काका, जोरात बोला ना! इथं सगळे असेच येतात, मग मला रांगेचं काही कळत नाही."

काका? मी चौतीस वर्षांचा आहे. आणि मग राग आला — झकास, गरम, पायाच्या अंगठ्यापासून वर चढत आला, आणि दशरथला एकदम इतकं बरं वाटलं की त्यानं त्या मुलीचे आभारच मानले असते. असल्या ठिकाणी माणूस कशाला थांबेल? पेशंटशी बोलायची पद्धत नाही, काका म्हणतात! कुणीही उठून गेला असता. तो वळला, पायऱ्या दोन दोन करून उतरला, आणि खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ वाजवायचा प्रयत्न करतोय.

सुलक्षणाला काय सांगायचं? डॉक्टर नव्हता. लग्नाला गेला होता. कुणाच्या? त्याच्याच, पुढचं पुढे बघू.

संध्याकाळी चाळीच्या चौकात सत्यनारायण. पूजा झाली, कथा झाली, आता गाऱ्हाणं. कोकणातल्या गावची पद्धत गिरणगावातून इथवर आलेली — देवापुढे एकानं उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी हाळी द्यायची. तो मान घाडी घराण्याचा. आधी धाकूचा, आता दशरथचा.

"काकी, यंदा दुसऱ्या कुणाला तरी घालू दे," तो म्हणाला.

रुक्मिणीकाकी, चाळीतली सगळ्यांत म्हातारी, हिला कुजबुजणं माहीत नव्हतं. "दुसरो कसो घालतलो? तुज्या बापाशीचो मान तो!"

"आवाज नाही माझा."

"मगे आवाजासाठीच घाल की रे गाऱ्हाणा!"

"घालणार कोण?"

"तूच!"

आणि चाळीस माणसांत कुणालाही ह्यात काही चूक वाटली नाही. कुणीतरी तर म्हणालं, हो, खरं आहे. दशरथनं नारळ हातात घेतला, कारण तो कुणाच्या तरी डोक्यात घालण्यापेक्षा देवापुढे धरणं सोपं होतं.

"बा देवा म्हाराजा..." फस्‌स्‌, सायकलच्या ट्यूबसारखं. पहिल्या रांगेलासुद्धा गेलं नसेल. त्यानं नारळ जरा खाली केला.

"व्हय म्हाराजा!" चौक दणाणला.

तो थांबला. पुन्हा ओठ हलवले, ह्या वेळी हवासुद्धा सोडली नाही. नारळ खाली. "व्हय म्हाराजा!" म्हणजे ह्यांना शब्द नकोतच, नारळ खाली आला की झालं... ठीक आहे. "बा देवा म्हाराजा, त्या दवाखान्यातल्या पोरीची वही उंदरांनी खाऊं दे." "व्हय म्हाराजा!" "त्या गुलाबी गोळीवाल्याक त्याचीच गोळी लागूं दे." "व्हय म्हाराजा!" "ह्या रुक्मिणीकाकीची एकदाची वाचा बसूं दे, म्हणजे तिका कळात." "व्हय म्हाराजा!" — काकीचा आवाज सगळ्यांच्या वर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. राग त्याच्या अंगात नाचत होता, चार महिन्यांत इतकं मोकळं तो बोललाच नव्हता, आता कुणाला सोडायचं नाही, यादी लांब होती, आणि तोंड आपोआप पुढे चाललं होतं —

"ह्यो दशरथ खोटारडो आसा, म्हाराजा. दारातसून परत इलो."

"व्हय म्हाराजा!"

"तेका भय वाटता. बापाशीसारख्या मरूचा भय वाटता."

"व्हय म्हाराजा!" सुलक्षणाही म्हणाली, बायकांच्या रांगेतून, भक्तीनं.

एक आवाज कमी होता. एवढ्या आवाजात एक कमी झालेला कळू नये, पण कळला. अंबादास दाराशी उभा होता, हात जोडलेले, तोंड बंद. त्याला मालवणी अर्धीच समजायची. देवाकडे तो बघतच नव्हता. तो दशरथच्या तोंडाकडे बघत होता, जसा साच्यापलीकडून बघायचा.

मग त्यानं जोडलेले हात सोडले आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. साचेखात्यात ह्याचा अर्थ एकच — परत बोल, निसटलं.

काय निसटलं तुझं? मुद्दाम करतोस? दशरथनं रागाला हाक मारली. एरवी तो नुसतं नाव काढलं की हजर व्हायचा. त्या पोरीवर, डॉक्टरवर, बाबावर, निदान ह्या नगरकडच्या माणसावर, जो आमंत्रणाला आला आणि तोंडात बघत उभा राहिला... नाही. जिथं तो असायचा तिथं, छातीच्या मधोमध, थंड आणि मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहायला कुठे काही आधार नव्हता.

नारळ वरच राहिला. चाळीस माणसं तो खाली यायची वाट बघत होती. अंबादासनं पुन्हा बोट फिरवलं, सावकाश. भय वाटतं, तेच तर वाक्य होतं, आत्ताच सुटलं होतं, किती सहज. पण आता ते एका माणसाला सांगायचं होतं, आणि दशरथचे ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटले होते. त्यानं ते जिभेनं ओले केले.