दाढीवाल्या राजाचा वस्तरा

उधाणाला तळवलीचा बांध फुटला तेव्हा घरटी एक माणूस माती टाकायला हजर झाला. एकटा कान्हा तेवढा नव्हता. त्याची बायको तापाने फणफणली होती. पण कारणं ऐकून घ्यायची गावकीला सवय कधी होती? स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली तरी गावकीचं राज्य काही हललं नव्हतं. कान्हाला वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि न्हाव्याने त्याच्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

त्यात त्याच्या मुलाचं, जयदेवचं लग्न उभं राहिलं. हळदीच्या सकाळी गावच्या न्हाव्याने मानाच्या वस्तऱ्याने दाढी केल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नसे. ती चुकली तर व्याही मुलगी घेऊन माघारी जाणार, हे ठरलेलं. आदल्या दिवशी कान्हा पंढरी न्हाव्याच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. 

"येतो," पंढरी म्हणून गेला, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

बातमी फुटायला कितीसा वेळ! दुपारीच गावकीचा म्होरक्या गोटीराम पंचांना घेऊन त्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"पंढरी, मानाचा वस्तरा गावचा हाय. घरटी भात काढून गावानं तुज्या आज्याला घेऊन दिला. गाव सांगंल त्याचीच दाढी व्हईल. नायतर आन तो इकडं."

"गावचा कशाला? विलायतेच्या राणीच्या टायमाचा हाय तो. माज्या पणज्यानं ठाण्याच्या सायबाकडनं आनलेला."

"मग दाखव राणी! छाप हाय ना त्याच्यावर?"

छाप होती, पण पंढरीच्या बापाच्या वेळेपासूनच गंजाखाली. हा वस्तरा लग्नाखेरीज पेटीबाहेर येत नसे. त्यात गेल्या पावसाळ्यात तेल लावायचं राहिलं आणि खाऱ्या हवेने त्याला पार खाऊन टाकलं. पंढरीने तो सगळ्यांदेखत काढला. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीवर चुलीतली राख घेऊन पात्याची मान घासू लागला. हात घासत होते आणि मनात तो राणीला आळवत होता, ये बाई, ये. राणीछाप रुपयावरचा तिचा अंबाडा त्याच्या नजरेत पक्का बसलेला होता.

तांबडं पाणी गळलं. कपाळ दिसलं, नाक दिसलं. मग नाकाखाली काहीतरी झुपकेदार आलं.

दाढी! जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेल्या माणसाला ती ओळखायला काय लागतं? राणी नव्हे, तिच्या मागाहून आलेला दाढीवाला राजा. म्हणजे वस्तरा आज्याच्याच काळातला, आणि गोटीराम खरं बोलत होता. पणज्याची गोष्ट घरात कुणीतरी थाटात रचली आणि पंढरी ती छाती फुगवून सांगत आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आन," गोटीरामने हात पुढे केला.

पंढरीने वस्तरा दिला नाही. त्याने धारेचा दगड ओला केला आणि पातं त्यावर फिरवू लागला.

"आता काय करतंस?"

"धार लावतो. गावचा हाय, कबूल. घरटी भात काढला म्हनता, मग कान्हाच्या आज्यानं दिला का नाय?"

 पंचांतला म्हातारा रामचंद्र खाकरला. "दिला. आमच्या बरोबरीनं दिला."

"मग यात कान्हाचा वाटा हाय. वस्तरा तुमाला मिळंल, पन जयदेवची दाढी झाल्यावर. मना वाळीत टाकायचं तर खुशाल टाका!"

भीती त्याला वाटत होती. गोटीरामचा राग काही लहान नव्हता. पण त्याच्या स्वतःच्या रागाने भीतीवर मात केली होती, आणि कितीतरी वर्षांत पंढरीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो मागच्या वाटेने गेला नाही, भर आळीतून गेला. अंगणात, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर त्याने जयदेवची दाढी केली. कान्हाची बायको पदर तोंडाला लावून रडत होती. मग पातं पुसून तो सरळ गोटीरामच्या ओट्यावर गेला आणि वस्तरा त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या. वस्तरा गावचा, पन हात माजे हायत. आजपास्नं गावानं आपापल्या दाढ्या करायच्या."

आणि तो वळला तो थेट कान्हाच्या मांडवात, हळदीच्या पंगतीला जाऊन बसला.