सासूबाईंचं समाधान

आमच्या कंपनीत माणसाची किंमत गळ्यातल्या पट्टीवरून कळते. ओळखपत्राची पट्टी निळी असेल तर माणूस पर्मनंट, पिवळी असेल तर कॉन्ट्रॅक्टवाला. पिवळ्या पट्टीचे अकरा महिने भरले की एक महिना घरी बसवतात आणि मग नव्या कागदावर सही घेऊन परत बोलावतात, बोलावलं तर. ही गोष्ट माझ्या पाचव्या पिवळ्या पट्टीची. दर वेळी नवी पट्टी आणून दाराजवळच्या खुंटीला अडकवली की सासूबाई चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “पिवळीच का अजून?” जणू रंग मीच पसंत करून आणलाय.

काम मात्र मला आवडतं. हे कबूल करायला थोडी लाज वाटते, कारण आम्हा पिवळ्यांमध्ये कामाला नावं ठेवायची पद्धत आहे. मी टेस्टर. म्हाताऱ्या माणसांना औषधाची वेळ सांगणारं ॲप आमची कंपनी बनवते आणि ते कुठे चुकतं ते मी शोधते. चांगला बग सापडला की माझा दिवस मजेत जातो. नवरा म्हणतो, “तुला माणसांच्याही चुका अशाच सापडतात.” सापडतात. त्याला मी काय करू?

पाचव्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात सासूबाई फोन नाचवत स्वयंपाकघरात आल्या. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी कंपनी ती काही ग्राहकांना वापरायला देते. त्यात सासूबाईंचं नाव मीच घातलं होतं.

“हे तुझं यंत्र खुळं झालंय,” त्या म्हणाल्या. “ब्लडप्रेशरची गोळी मी आठला घेतली. घेतली म्हणून बटणही दाबलं. मग वाटलं, उद्यापासून नऊ बरे, म्हणून वेळ बदलली. तर नऊला परत म्हणतंय, गोळी घ्या!”

“तुम्ही घेतली नाहीत ना?”

“मी काय वेडी आहे? पण वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी घेतली असती. ते फोनच्या शब्दाबाहेर नाहीत.”

चार आठवडे मी हेच तपासत होते. वेळ बदलूनही पाहिली होती, पण दर वेळी गोळी घ्यायच्या आधी. आम्ही टेस्टर लोक आधी वेळ ठरवतो आणि मग गोळी ‘घेतो’. खरी माणसं गोळी घेऊन मोकळी होतात आणि मग त्यांना वेळ बदलावीशी वाटते. चूक ॲपची होती, तशी माझीही होती.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा ॲपने दुसरी गोळी घ्यायला सांगितलं. नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळ्यांच्या फोनवर जाणार होती. बग नोंदवायला दोन मिनिटं लागतात, ते मी केलं. पण खरी गोम पुढे होती. संध्याकाळी सहाला माझं लॉगिन बंद होणार, आणि लॉगिन बंद झालं की त्या माणसाने नोंदवलेले सगळे बग आपोआप बंद होतात. कारण म्हणून एकच ओळ येते: नोंदवणारी व्यक्ती उपलब्ध नाही. कुणी निळ्या पट्टीवाल्याने स्वतःच्या नावावर घेतला तरच बग वाचतो. त्यामुळे दर शेवटच्या दिवशी मी टेबलाटेबलावर फिरते, मांजरीची पिल्लं कुणी घेतं का विचारत फिरावं तशी.

मॅनेजर मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. “बग खरा आहे गं, पण उद्याची तारीख वरपर्यंत गेलीय. पुढच्या फेरीत घेऊ.”

“तोवर कुणी दोन गोळ्या घेतल्या तर?”

मॅडमनी आवाज खाली आणला. “यंदा निळ्या पट्टीसाठी तुझं नाव पाठवलंय मी. आजचा दिवस जरा सबुरीनं घे.”

पाच वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं ते हे असं.

तो भाग ज्याने लिहिला होता त्या प्रोग्रॅमरला सगळे मौनीबाबा म्हणतात, इतका तो कमी बोलतो. त्याने स्वतः करून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. “ताई, माझ्याच कामातली चूक मी माझ्याच नावावर घेऊ? मॅडम मला सोडतील का?” मी आणखी चौघांकडे गेले. एकाची मीटिंग होती, एकीचं डोकं दुखत होतं, उरलेल्या दोघांना अचानक फोन आले. साडेपाच वाजता मी पाण्याच्या मशीनपाशी उभी राहून रडले. खरं तर राग आला होता, पण कुणावर काढणार?

मौनीबाबा बाटली भरायला आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “ग्राहकाची तक्रार आपोआप बंद होत नाही. ग्राहक स्वतः ‘समाधान झालं’ हे बटण दाबेपर्यंत ती उघडीच राहते. आणि चुकीच्या गोळीची तक्रार आली की नवी आवृत्ती थांबतेच. मॅडमनासुद्धा ती टाळता येत नाही.” एवढं एका दमात बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला हाडाचं तक्रार करणारं माणूस हवं होतं, आणि अशा माणसाबरोबर मी बारा वर्षं एका घरात राहत होते! मी लगेच फोन लावला.

“आई, सकाळी जे झालं ते ॲपमध्ये तक्रार म्हणून लिहा. आत्ताच्या आत्ता.”

“तुझ्या नोकरीला धक्का नाही ना लागणार?”

“लागेल बहुतेक,” मी खरं ते सांगितलं.

पलीकडून आवाज आला, “माझा चष्मा कुठे गेला?”

सहाला पाच मिनिटं असताना मॅडम केबिनमधून तरातरा बाहेर आल्या आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. सहाला माझा स्क्रीन काळा झाला. दारावरच्या वॉचमनला पट्टी देऊन मी घरी आले.

नवी आवृत्ती थांबली. पंधरा दिवसांनी मौनीबाबाचा फोन आला. “ताई, दुरुस्ती झाली. पण आजींना ते बटण दाबायला सांगा ना. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये वरचे विचारतात, ही एक तक्रार उघडी का?”

“का नाही दाबत त्या?”

“त्यांनी लिहिलंय. वाचू?” आणि त्याने वाचलं, “गोळी आता एकदाच मागते, आभार. पण ही चूक तुमच्यापर्यंत माझ्या सुनेनं आणली आणि तुम्ही तिलाच घरी बसवलंत. तिच्यासारखं बारीक बघणारं माणूस तुम्हाला मिळणार नाही. घरी बसून ती आमच्या चुका काढते. तिला परत घ्या. तोवर माझं समाधान झालेलं नाही.”

सासूबाई समोरच भाजी निवडत बसल्या होत्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. आणि काढला तो कंपनीकडे, लेखी. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. त्यांनी वर पाहून विचारलं, “काय झालं? मिठाचा डबा कुठे ठेवलाय तू?”

महिना संपल्यावर मॅडमनी बोलावलं. निळ्या पट्टीच्या यादीतून माझं नाव गळलं होतं. “पुढच्या वर्षी बघू,” त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, तरी मी सही केली. काम आवडतं, म्हटलं ना. निघताना त्या म्हणाल्या, “आणि तेवढं सासूबाईंना बटण दाबायला सांग बाई. आलीस ना आता तू परत?”

संध्याकाळी मी निरोप दिला. सासूबाईंनी चष्मा लावला, ॲप उघडलं, बोट बटणापर्यंत नेलं. मग त्यांची नजर दाराजवळच्या खुंटीकडे गेली.

“पिवळीच का अजून?”

“हो, आई.”

“मग राहू दे उघडी,” त्या म्हणाल्या आणि फोन उशीखाली सरकवला.