राहिलेले रोजे

नाहिदचं गणित सहसा चुकत नाही. म्हणून त्या दिवशी तिची पाटी मी परत तिच्याकडे सरकवली.

"घरात चार माणसं आहेत, भाकरी बारा. प्रत्येकाला सारख्या वाटल्या तर किती येतील?" एवढं साधं उदाहरण होतं. शाळा सुटल्यावर गल्लीतली पोरं माझ्या ओसरीवर येतात. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून मी उदाहरणांत त्यांचीच घरं घालतो. नाहिदने उत्तर लिहिलं होतं, चार.

"तुमच्या घरी माणसं किती? तू, अम्मी, अब्बू, दादी. मग?"

"अब्बूला धरायचं न्हाई, गुरुजी. अब्बूचा रोजा असतो."

"आज?"

"रोजच असतो."

शेजारी बसलेली छकुली फिसकन हसली. "मंग रात्री रोजा सुटल्यावर भाकरी कोण खातं गं? भूत?"

"एक खजूर खातात, पाणी पितात. अन् म्हणतात, मेरा हो गया." नाहिदने तिला कोपराने ढोसलं. पोरं हसली. मी पाटी पुसून दुसरं उदाहरण घातलं, पण माझं लक्ष उडालं होतं.

नाहिदचा बाप अतिक. मस्तगडात आमची घरं समोरासमोर आहेत आणि तो माझ्याच हाताखाली शिकलेला. औद्योगिक वसाहतीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कित्येक वर्षं भट्टीवर होता. उन्हाळ्यात कारखान्याने एक पाळी बंद केली आणि त्या पाळीबरोबर अतिकही घरी आला. नंतर रोज सकाळी तो वसाहतीत जाऊन या गेटावरून त्या गेटावर उभा राहायचा. पण चाळिशी उलटलेली, त्यात साखरेचा आजार. भट्टीवर तरणी पोरं लागतात. शेवटी त्याची बायको साजिया बियाण्याच्या गोदामात निवडायला जाऊ लागली, आणि अतिक दुपारी घरी बसू लागला.

त्याची आई सरदारबी जिभेची तिखट. मनात काही नसतं तिच्या, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. एका संध्याकाळी दारात बसून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पहले कमा के थकता था, अब बैठ के थकता है." साजिया हसली, मी हसलो, अतिकही हसला.

त्यानंतर लगेच त्याने रोजे धरले.

"रमजान तर होऊन गेला की रे," मी म्हणालो होतो.

"राहिलेले पुरे करून राह्यलो, गुरुजी. भट्टीपुढं पाण्याशिवाय माणूस टिकत न्हाई. किती वर्षांचे रोजे सुटले माझे. सुटलेले रोजे आमच्यात नंतर धरावे लागतात. आता टाइमच टाइम आहे, म्हटलं फेडून टाकू."

गल्लीत त्याचा मान वाढला. काम गेल्यावर त्याला पाहून जे लोक रस्ता बदलायचे, ते आता थांबून सलाम करू लागले. सरदारबी तर सगळ्यांना सांगत सुटली, की अल्लाने काम नेलं पण पोराला ईमान दिलं.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. त्याच्या पँटीचा पट्टा एकेक भोक आत सरकत चालला होता. झोप येत नाही म्हणायचा. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून द्यायचा. नाहिदच्या हातून एकदा चमचा पडला, तर तो असा ओरडला की पोर माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तो स्वतःच तिला न्यायला आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो हात थरथरत होता.

"साखरेची गोळी घेतोस ना?" मी विचारलं होतं.

"सहेरीला घेतो. पहाटे."

"आणि खातोस काय पहाटे?"

"खातो ना, गुरुजी." त्याने मान दुसरीकडे वळवली होती.

नाहिदच्या त्या गणितानंतर मी ठरवलं, की आज रोजा सुटायच्या वेळी समोर जायचं आणि त्याच्या ताटाशेजारी बसायचं. पोरांना सोडलं. वह्या उचलत होतो, तेवढ्यात नाहिद धावत परत आली.

"गुरुजी, चला जल्दी! अब्बू मला वळखून न्हाई राह्यले. मला फूफी, त्यांची बहीण, समजून राह्यले."

मी चपला न घालताच गेलो.

अतिक भिंतीला टेकून बसला होता. बाहेर थंडी होती, सरदारबीने शाल गुंडाळली होती, आणि अतिकचा सदरा मात्र घामाने चिकटला होता. मी त्याचा हात धरला. कातडी गार, ओली. माझ्या पत्नीला हाच आजार होता. तो गार घाम माझ्या हाताला पक्का माहीत आहे.

"साखर उतरली आहे याची," मी म्हणालो. "साखरेचं पाणी करा, लगेच."

साजिया नुकतीच गोदामातून आली होती. तिने धावत जाऊन पेल्यात साखर कालवली, पेला घेऊन त्याच्यासमोर बसली, आणि तिथेच थांबली.

"पाज त्याला."

"मगरीबची अजान होईलच, गुरुजी. रोजा सुटायला थोडासाच टाइम राह्यला."

"तोवर थांबता येणार नाही."

"त्यांना शुद्ध आल्यावर काय सांगू?" तिचा आवाज चिरका झाला. "काम गेलं, मान गेला. हे एकच राह्यलं त्यांच्याकडं. ते पण मीच तोडू?"

चाळीस वर्षं मी पोरांना पाणी प्यायची सुट्टी दिली आहे, पण दुसऱ्याच्या धर्माचा रोजा तोडा, हे त्यांच्या घरात बसून मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मी सरदारबीकडे पाहिलं. ती मशिदीच्या दिशेने कान लावून उभी होती. अजान काही होत नव्हती.

अतिकची मान एका बाजूला कलू लागली.

"सरदारबी, तो आत्ता गिळू शकतो," मी म्हणालो. "बेशुद्ध झाला की तोंडात पाणीही घालता येणार नाही, श्वासात जाईल. रिक्षातून दवाखान्यात पोचेपर्यंत काय होईल, मला सांगता येत नाही. आजारी माणसाला तुमच्यात काय सांगितलंय, ते तुम्ही मला सांगा."

"बीमार को माफ है," ती पुटपुटली. "पण तो बीमार म्हणवून घेत न्हाई ना."

साजियाने धीर करून पेला त्याच्या ओठांना लावला. अतिकने हाताने तो ढकलला. थोडं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं.

"रोजा नंतर धरा, आता प्या," साजिया म्हणाली.

"नाहिद कू दे," तो जड जिभेने म्हणाला. "मेरा हो गया."

"काय?"

"पोरीला दे. अम्मीला दे. मी खाल्लं. मेरा हो गया... मेरा हो गया."

साजियाचा हात तसाच राहिला. हे वाक्य या घरात रोज संध्याकाळी ऐकू येत होतं, आणि प्रत्येकाने ते ऐकून आपापल्या ताटात हात घातला होता. सरदारबी दोन ढांगांत पुढे आली. सुनेच्या हातातला पेला तिने काढून घेतला, मुलाच्या मानेखाली हात घालून त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

"गुनाह लगा तो मेरे कू लगेगा," ती म्हणाली. "मूं खोल, अतिक. तेरी अम्मा बोल रही. खोल मूं!"

लहान मुलाला भरवतात तशी तिने त्याची हनुवटी दाबली. पहिला घोट बाहेर आला. दुसरा आत गेला. मग तिसरा. नाहिद माझा सदरा धरून उभी होती आणि प्रत्येक घोटाबरोबर स्वतःही गिळत होती. पेला संपला, साजियाने दुसरा आणला. काही वेळाने अतिकने डोळे उघडून विचारलं, "अम्मी, तू रडून का राह्यली?"

आम्ही त्याला रिक्षात घातलं तेव्हा अजान सुरू झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी साखर तपासली, सलाइन लावलं आणि विचारलं, "कालपासून काय खाल्लं यांनी?" साजियाने त्या एका खजुराचं सांगितलं. "या गोळीचा असर शरीरात बराच वेळ राहतो. साखर पुन्हा उतरू शकते. आज इथेच ठेवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साजिया डबा आणायला घरी गेली होती आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो. अतिक छताकडे पाहत होता.

"पोरीसाठी सोडत होतास ना?" मी म्हणालो. "मला सांगायचं होतंस. समोरच तर राहतो मी."

"आधी पोरीसाठीच."

"आधी म्हणजे?"

मी घाई केली नाही. अडखळणाऱ्या पोराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं.

"ही गोळी उपाशीपोटी घ्यायची न्हाई, हे मला ठाऊक होतं, गुरुजी. डॉक्टरनं बराबर सांगितल्तं."

"विसरलास?"

"न्हाई. विसरलो न्हाई." त्याने डोळे मिटले. "झोप न्हाई, रात्रभर छातीवर कुणी बसल्यावानी वाटायचं. मंग वाटायला लागलं, एखाद्या दिवशी असाच पडलो अन् उठलोच न्हाई, तर लोक म्हणतील रोजेदार गेला. बेकार मेला, असं कुणी म्हणणार न्हाई."

आम्ही काल त्याला भुकेतून ओढून आणलं होतं. पण तो आणखी खोल कुठेतरी होता, आणि अजून तिथेच होता.

"साजियाला बोलू नका," तो म्हणाला. "तुम्हाला कसम आहे."

"मी कसम घेतलेली नाही."

"गुरुजी!"

"मी डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे, अतिक. तुझ्यासमोर सांगीन, मागून नाही. याच्यावरही उपचार असतो. साखरेला असतो तसाच."

"मंग मी निघतो हितून." तो उठून बसला आणि सलाइनच्या नळीला हात घातला. मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला. जोर त्याच्यातही नव्हता आणि माझ्यातही. दोघंही तसेच बसून राहिलो. मी हात काढला नाही.

तेवढ्यात साजिया आणि नाहिद डबा घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या.

"कसं वाटतंय?" त्यांनी अतिकला विचारलं.

अतिक माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग होता. असा राग मला वर्गातल्या पोरांकडून ओळखीचा होता, म्हणून मी तो सोसला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "याला तुमच्याशी बोलायचंय. आणि तो बोलला नाही, तर मी बोलणार आहे."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. हातातला कागद बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या. "बोला. मला घाई नाही."

साजिया डबा छातीशी धरून उभी होती. "काय झालं? गुरुजी, काय झालं?"

अतिकचा जबडा हलला. नळीवरचा हात त्याने हळूहळू काढला.

"पोरीला बाहेर न्या, गुरुजी."

"आणि साजिया?"

त्याने बायकोकडे पाहिलं, मग खाली चादरीकडे. "ती राहू दे."

मी नाहिदला घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. दार नीट लागत नव्हतं. आतून अतिकचा आवाज येऊ लागला, शब्द कळत नव्हते.

"अब्बू रडून राह्यले का?" नाहिदने विचारलं.

"बोलतोय तो."

ती माझ्या दंडाला टेकली. आतला आवाज मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की मी श्वास धरून दाराकडे पाहत राहायचो. मग पुन्हा सुरू व्हायचा.