आरसे नसलेली गाडी

"काका, गाडीला आरसे का नाहीत?"

गौरांग मोबाईल डोळ्यांसमोर धरून मोटरसायकलभोवती फिरत होता. एक फोटो समोरून, एक बाजूनं, एक मीटरचा. प्रभाकर वैरागडे पायरीवर बसून उजव्या हातात रबराचा चेंडू दाबत होते. दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दिवसातून चार वेळा करायला सांगितलं होतं.

"पडलात तेव्हा फुटले का?"

"नाही. आधीपासूनच नव्हते."

"असं कसं? नवीन गाडीला तर असतातच ना."

"शितोळ्यांनी काढून ठेवले होते. गाडी घेतली त्याच आठवड्यात. दोन हजार चार साली."

गौरांगनं खांदे उडवले. "ठीक आहे, पार्टीला सांगू, नए लगवा लो. इतवारला सकाळी येणार आहे तो बघायला. आणि काका, आता मागेपुढे करू नका हां. मावशीचा रोज फोन येतो मला. गाडी निकाल दो, गाडी निकाल दो! मी काय सांगू तिला?"

गौरांग हा वैरागड्यांच्या बायकोचा, कल्पनाताईंचा भाचा. बँकेत होता, कामाला चोख होता, आणि मावशीनं सोपवलेलं काम शनिवारीच उरकून टाकावं अशा घाईत होता. तो गेला आणि भोपाळच्या मिसरोद भागातल्या त्या छोट्याशा घरात पुन्हा सामसूम झाली.

आता साठाव्या वर्षी माणूस मोटरसायकल शिकतो आणि तिसऱ्या आठवड्यात पडतो म्हटल्यावर लोक बोलणारच हो. बोलले. ऑफिसातले म्हणाले, "वैरागडे बाबू, यह कोई उम्र है?" डॉक्टरांनी खांद्याजवळचं हाड आणि उजवं मनगट असे दोन फोटो प्रकाशाला लावून दाखवले आणि वय पुन्हा विचारलं. कल्पनाताई नातीला सांभाळायला दोन वर्षांपासून पुण्याला मुलाकडे, मयूरकडे होत्या, त्या मिळेल त्या गाडीनं आल्या. तीन आठवडे राहिल्या, रडल्या, चिडल्या, भरवलंही. मग मयूरच्या बायकोची रजा संपली आणि त्यांना परत जावं लागलं. "माझ्याबरोबर चला," म्हणाल्या होत्या. वैरागडे म्हणाले, डॉक्टर इथला आहे. ते काही अगदी खरं नव्हतं.

तसं खरं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कसे पडलात, असं विचारलं की ते म्हणायचे, कुत्रं आडवं आलं. कुत्रं तांबूस रंगाचं होतं, त्याचा एक कान तुटका होता, हेसुद्धा सांगायचे. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की असाच फुकटचा तपशील भरत बसतो.

कुत्रंबित्रं काही नव्हतं.

त्याचं असं आहे, की वैरागड्यांनी आयुष्यात कधी कुठलीही गाडी चालवली नव्हती. वडील छप्पन साली ऑफिसबरोबर नागपूरहून भोपाळला आले, ते जन्मभर सायकलवरच फिरले. वैरागड्यांना सायकलचीही धास्ती. ते बसनं जायचे. मग मिसरोदच्या कॉलनीत घर झालं आणि दोन गल्ल्या पलीकडे शितोळे राहायला आले. मूळचे ग्वाल्हेरचे, आवाज मोठा, ऑफिस एकच, मजला एकच. त्यांनी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी फाटकासमोर येऊन दोनदा हॉर्न वाजवला. "बसा वैरागडे! बसच्या धक्क्यात कशाला मरता?"

तेव्हापासून वीस वर्षं, रोज सकाळी नऊ वीसला. दोघे एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहो करायचे, आडनावानंच हाक मारायचे. शितोळे गाडीच्या डिकीतून पिवळं फडकं काढायचे, आधी मागची सीट पुसायचे, मग पुढची. आणि आरसे त्यांनी काढून टाकले होते. "मागे बघायला तुम्ही आहात ना? पुढचं माझं, मागचं तुमचं. बस, झालं!"

आणि तसंच चाललं होतं. उजवीकडे वळायचं आलं की शितोळे गाडी हळू करायचे. वैरागडे कमरेतून पूर्ण वळून मागे बघायचे, उजवा हात सरळ बाहेर काढायचे, आणि रस्ता मोकळा झाला की डाव्या हातानं शितोळ्यांच्या खांद्यावर एक थाप मारायचे. थाप पडेपर्यंत शितोळे वळायचे नाहीत. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून वेडा झाला तरी नाही. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता.

तरी वैरागड्यांना मनातून वाटायचं, आपण या माणसावर ओझं झालो आहोत. एकट्यानं भुर्रकन गेला असता तो, आपल्याला घेऊन फिरतोय बिचारा. कल्पनाताई चेष्टेत म्हणायच्या, "शितोळेभाऊजी दोन डबे नेतात, एक जेवणाचा आणि एक तुम्ही." वैरागडे हसायचे, पण ते त्यांना लागायचं.

मागच्या चैत्रात शितोळे गेले. सकाळी आंघोळीला गेले ते बाहेरच आले नाहीत. त्यानंतर चार महिने वैरागडे पुन्हा बसनं गेले. मग एका संध्याकाळी मंगलावहिनी किल्ली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, भंगारवाला दोनदा विचारून गेला. मला बघवत नाही. तुम्ही चालवा." मला येत नाही, हे शब्द वैरागड्यांच्या तोंडातून निघालेच नाहीत. ते मेकॅनिक शकीलभाईकडे गेले आणि कॉलनीमागच्या मैदानात साठाव्या वर्षी क्लच म्हणजे काय ते शिकले. लायसन्स काढलं. रोज सकाळी नऊ वीसला निघायला लागले. तीन आठवडे जिवावर उदार होऊन चालवली त्यांनी गाडी, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडायलाही लागली होती. येताना हायवेवरच्या उजव्या वळणाशी मात्र ते रोज उतरायचे आणि गाडी ढकलत पलीकडे न्यायचे.

त्या दिवशी उतरले नाहीत. संध्याकाळचे सव्वासहा, मिसरोदच्या अलीकडे दुभाजकातली ती रोजची फट. आज वळूनच दाखवू, असं त्यांनी ठरवलं. गाडी हळू केली. कमरेतून वळून मागे बघितलं. उजवा हात सरळ बाहेर गेला. रस्ता मोकळा होता. आणि मग त्यांचा डावा हात उठला, पुढच्या खांद्यावर थाप मारायला.

पुढे खांदा नव्हता.

उसाच्या रसवाल्यानं आणि एका रिक्षावाल्यानं त्यांना उचललं. "क्या हुआ अंकल?" असं विचारलं तेव्हा वैरागड्यांना समोर रस्त्याकडेला एक कुत्रं दिसलं. तांबूस, तुटक्या कानाचं. ते बिचारं नुसतं बसलेलं होतं.

तीन महिने झाले या गोष्टीला. प्लास्टर निघालं. डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायची कला आली. डबेवाली दुपारी आणि संध्याकाळी फाटकाच्या कडीला डबा अडकवून जायची, वैरागडे सावकाश उठून आणेपर्यंत पोळ्या गार व्हायच्या. सात वाजता पुण्याहून फोन यायचा, नात पडद्यावर नाक दाबून दाखवायची, मग कल्पनाताई विचारायच्या, "विकली का?" फोन ठेवला की घर जास्तच रिकामं वाटायचं. दिवसभर तोंडातून चार वाक्यंसुद्धा निघायची नाहीत. एकटं वाटायचं हो, फार एकटं वाटायचं, आणि हे कुणाला सांगायचं तर जो ऐकायला हवा होता तोच नव्हता.

सोमवारपासून ऑफिस सुरू होणार होतं. रविवारी पार्टी गाडी बघायला येणार होती. गाडी गेली की शितोळ्यांचं आपल्याकडे काहीच उरणार नाही, हे वैरागड्यांना स्वच्छ दिसत होतं. पण ठेवायची तरी कोणत्या तोंडानं? माणसाला चालवता येत नाही ती गाडी दारात उभी करून रोज तिच्याकडे बघत बसायचं का? विकायचीच, असं त्यांनी ठरवलं. फक्त ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय विकायची नाही. चेंडू खिशात टाकून ते दोन गल्ल्या चालत गेले.

मंगलावहिनींनी चहा केला. भिंतीवर शितोळ्यांचा फोटो होता, तोही मोठ्यानं बोलतोय असाच.

"वहिनी, गाडी विकावी म्हणतोय."

वहिनींनी आपला कप पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तुम्हाला दिली म्हणजे तुमचीच आहे भाऊजी. मला काय विचारायचं त्यात." आणि कपात साखर ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली होती. "त्या मेल्या कुत्र्यानं सगळा घोटाळा केला बघा."

वैरागड्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"कुत्रं नव्हतं, वहिनी."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मागे वळलेली मान, बाहेर काढलेला हात, आणि ती थाप. सांगताना ते जमिनीकडे बघत होते. वहिनी हसतील असं त्यांना वाटलं होतं. हसायलाही हरकत नव्हती. वहिनी हसल्या नाहीत. पदरानं त्यांनी डोळे पुसले, मग म्हणाल्या,

"तुम्ही रजेवर असलात की हे किती वाजता घरी यायचे, माहीत आहे?"

"किती?"

"सव्वासात. कधी साडेसात. तुम्ही असलात की साडेसहाच्या आत घरी, आणि तुम्ही नसलात की हे गायब! मी भांडायचे हो. मला वाटायचं, कुठं पत्ते कुटत बसतात. एकदा फारच झालं, मी म्हटलं आज सांगितल्याशिवाय जेवण नाही. तेव्हा बोलले. म्हणाले, वैरागडे नाहीत तर मागे कोण बघणार? मी शाहपुऱ्यावरून येतो, तळ्याच्या कडेनं, आतल्या आतल्या रस्त्यानं. हायवेवरचं ते वळण नको."

वैरागड्यांनी मान वर केली.

"मयूरच्या लग्नात तुम्ही महिनाभर सुट्टीवर होतात ना? महिनाभर आतून आले हे."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्हाला कसं बोलणार? एवढा मोठा आवाज काढून सगळ्यांना दटावत फिरायचे, आणि आपल्याला भीती वाटते म्हणून सांगायचं? मला शपथ घातली होती. आता कोणाची शपथ आणि काय." वहिनींनी फोटोकडे बघितलं. "भाऊजी, हे तुम्हाला रोज न्यायचे ना, ते काही उपकार म्हणून नव्हे."

वैरागड्यांनी वीस वर्षं उरात बाळगलेलं ते ओझ्याचं ओझं एकदम उतरलं, आणि उतरताना त्यानं त्यांना रडवलं. परक्याच्या घरी, साठाव्या वर्षी, कपात चहा तसाच. वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ उगाच भांडी वाजवत राहिल्या.

सात वाजता पुण्याहून फोन आला.

"विकली का?"

"नाही. विकणार नाही. गौरांगला कळवलंय तसं."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" कल्पनाताई कडाडल्या. बरंच काही बोलल्या, सगळं रास्त होतं. वैरागडे ऐकत राहिले. शेवटी पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "आरसे तरी लावून घ्या हो निदान."

"लावतो."

रविवारी शकीलभाईनं घरी येऊन दोन्ही आरसे बसवले. फडक्यानं काच पुसून तो म्हणाला, "लो बाबूजी, अब आप ही आगे, आप ही पीछे." तो सहजच बोलला. वैरागड्यांनी मान हलवली.

सोमवारी नऊ वीसला ते निघाले. जाताना वळण डावीकडचंच होतं. ऑफिसात लोकांनी विचारलं, "फिर वही गाडी?" कुत्र्याचं कुणी काढलं तेव्हा ते म्हणाले, "कुत्रं नव्हतं. माझीच चूक." पुढचं सांगितलं नाही. 

संध्याकाळी ते हायवेकडे गेलेच नाहीत. शाहपुऱ्याकडे वळले. तळ्याच्या कडेनं लोक फिरत होते, भुट्टे भाजणारी बाई पंखा हलवत होती. वैरागडे वीस किलोमीटरच्या वेगानं चालले होते आणि मनगट दुखत होतं. हा रस्ता त्यांनी शितोळ्यांबरोबर कधीच बघितला नव्हता. इथून तो माणूस एकटा जायचा. मोठ्या आवाजाचा माणूस, गपचूप, घाबरत, आपल्यावाचून. बावडियाच्या पुलावर मागून ट्रक आला तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं. आरशात ट्रक होता, आणि त्याच्या अलीकडे मागची रिकामी सीट.

कॉलनीत शिरले तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. मंगलावहिनी फाटकाशी उभ्या होत्या.

"आतून आलात?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ धरलेलं फाटक लावून आत गेल्या.

घरी फाटकाच्या कडीला डबा लटकत होता, गार झालेला. खिशात फोन वाजून थांबला. वैरागड्यांनी गाडी स्टँडला लावली आणि डिकीतून पिवळं फडकं काढलं. दुखऱ्या हातानंच पुसायला घेतलं. आधी मागची सीट, मग पुढची.